विकायला मोकळीक दिलीत, आता उभं राहायला जागा द्या

प्रति,
मा. पणनमंत्री आणि मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच पुणे शहराचा कारभार पाहणारे अधिकारी आणि नगरसेवक

स.न.वि.वि.

मी पुरंदर तालुक्यातला शेतकरी. सासवडच्या पुढे साडेतीन एकर रान आहे. त्यात थोडी अंजिराची बाग, पावसाळ्यात वाटाणा आणि विहिरीला पाणी टिकेल तसं मेथी, कोथिंबीर, गवार. माल पुण्यातच येतो. दिवे घाट उतरला की हडपसर, तिथून गुलटेकडीचं मार्केट यार्ड. आजोबांपासून हाच रस्ता. तेव्हा पुण्यात मत नसलेल्या, पण पुण्याच्या ताटात रोज असलेल्या माणसाचं हे पत्र आहे असं समजा.

निमित्त असं. शहरातल्या एका आवारात आम्ही काही शेतकरी दर रविवारी सकाळी भाजी विकत होतो. बारा वाजले की झाडून, पाणी मारून आवार रिकामं. मग ते बंद झालं. लेखी आदेश नाही, कारण नाही. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "दादा, आता इथं लावू नका, वरून सांगितलंय." वर म्हणजे कोण, ते त्यालाही माहीत नव्हतं. आवार कुणाचं आणि बंद कुणी केलं हे मी मुद्दाम लिहीत नाही. तो माणूस बदलला तरी पुढचा तेच करेल. आम्ही तिथे बसत होतो ते कुठल्या नियमाने नव्हे, कुणाच्या तरी भलेपणावर. नियम शोधायला गेलो तेव्हा कळलं की आमच्यासाठी नियमच नाही.

आधी सरकारने जे चांगलं केलं ते सांगतो. शेतमालाच्या खरेदी-विक्रीचा आपला कायदा 1963 चा. उघड लिलाव, खरं माप, चोख हिशेब ही त्याची चांगली बाजू. पण शेतकऱ्याचं रक्षण करता करता त्याने कुंपणही घातलं: माल घाऊक विकायचा तर बाजार समितीच्या आवारात, परवानाधारकाकडेच. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हयातभर हे कुंपण काढा म्हणून सांगितलं. माझे वडील 1980 साली चाकणच्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसले होते; त्यांचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून आमच्या घरात खिळ्याला लटकतोय. जोशी साहेब 12 डिसेंबर 2015 ला पुण्यात गेले. फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला तो त्यानंतर सात महिन्यांनी, जुलै 2016 मध्ये. अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची, हेही तेव्हाच ठरलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, तरी निर्णय टिकला. पणन मंडळाने त्याच वर्षी सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान काढलं. सरकार कुठल्या पक्षाचं होतं याच्याशी मला देणंघेणं नाही. या गोष्टींसाठी आजही आभार मानतो.

म्हणजे मंत्रालयाने सांगितलं, बाबा रे, तुझा माल आहे, तुला हवा तिथे वीक. मी निघालो. पण 'हवा तिथे' म्हणजे शेवटी शहरातली कुठली तरी दहा फूट जमीन, आणि तिच्यावर क्रेट ठेवला की मी अतिक्रमण. एका खात्याने दिलेली मोकळीक दुसऱ्या खात्याच्या गाडीत भरून जाते. दोन्ही खात्यांना एकत्र पत्र लिहायचं कारण हेच.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, तेव्हा काहींना जास्त जागा लागेल.

पहिली, बाजाराच्या आवारातली. माझ्यासमोर एक जुनी हिशेबपट्टी आहे, गाळ्याचं नाव झाकून सांगतो. कोथिंबीर, 600 जुड्या, भाव शेकडा 450. एकूण 2,700 रुपये. त्यातून टेम्पोचं भाडं 600, हमाली 90, तोलाई 30, आणि 'इतर' म्हणून 40. हातात 1,940. कोथिंबीर जुड्या मोजून विकली गेली, काट्यावर चढलीच नाही, तरी तोलाई. विचारलं तर उत्तर आलं, पहिल्यापासून आहे. आदल्या दिवशी उपटायला आणि जुड्या बांधायला चार बायका होत्या, त्यांचा रोज 1,400. उरले 540, त्यात बी, खत, वीज आणि चाळीस दिवस. त्याच संध्याकाळी कोथरूडला माझ्या भाचीने तशीच जुडी 20 रुपयांना घेतली आणि मला फोटो पाठवला. वर हसणारा चेहरा.

यावरून अडत्याला शिव्या घालाल तर मी तुमच्या बाजूने नाही. तो पहाटे तीनला गाळा उघडतो, किरकोळवाल्यांना उधारीवर माल देतो, बुडालेली उधारी पोटात घालतो. माझ्या मुलीच्या लग्नात उचल बँकेने दिली नाही, त्याने दिली. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातले टोमॅटोमागे साधारण 33 पैसे, कांद्यामागे 36 आणि बटाट्यामागे 37 पैसे शेतकऱ्याला मिळतात असं दिसलं. मधले सगळे पैसे चोरीचे नसतात. वाहतूक आहे, नासाडी आहे, गाळ्याचं भाडं आहे. पण त्यातला खरा खर्च किती आणि दुसरीकडे जाता येत नाही म्हणून भरावा लागणारा किती, हे समिती नेमून कळत नाही. शेजारी दुसरं दार उघडं असलं की आपोआप कळतं. मी रविवारी शहरात शंभर जुड्या जरी स्वतः विकू शकलो तरी सोमवारी तोलाई लावताना गाळेवाला थोडा विचार करेल. आमचा तो रविवारचा बाजार चालू होता तेव्हा माझ्या पट्टीतली 'इतर' ही ओळ गायब झाली होती. मी काही बोललो नव्हतो.

एक वाक्य बाजार समितीच्या कारभाराबद्दल. पुण्याच्या बाजार समितीवर वर्षानुवर्षं प्रशासक होते, निवडणूक झाली ती एप्रिल 2023 मध्ये. महापालिकेतही नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच. जिथे माल उतरतो आणि जिथे तो खपतो, दोन्हीकडे जाब विचारायला निवडून आलेलं माणूस नव्हतं. आता आहेत, म्हणून लिहितोय.

दुसरी तक्रार रस्त्यावरची, आणि ती मोठी आहे.

आवार बंद झाल्यावर मी आणि मंडळी एका रुंद रस्त्याच्या कडेला वाटाण्याचे क्रेट घेऊन बसलो. कुठल्या रस्त्यावर आणि गाडी कुठल्या कार्यालयाची आली, ते राहू द्या. दोन तास चांगली विक्री झाली. मग गाडी आली, चार माणसं उतरली, काही न बोलता क्रेट उचलून एकावर एक मागे टाकले. यादी नाही, पावती नाही. मंडळी काटा पोटाशी धरून उभी होती म्हणून काटा वाचला. ज्याने वाटाणा पिकवला नाही त्याला सांगतो: ओल्या शेंगा ढिगात तापतात. सकाळी तोडलेला माल दाबून ठेवला तर संध्याकाळी आत हात घातल्यावर ऊब लागते, आणि दुसऱ्या दिवशी शेंग पिवळी पडते. मला माल परत मिळाला तो तिसऱ्या दिवशी, दंड भरून. वास आल्यावर तो मी तिथेच म्हशींच्या गोठेवाल्याला देऊन टाकला.

नंतर एका वकील मित्राने मला 2014 चा पथविक्रेता कायदा दाखवला आणि मी चाट पडलो. तो फार माणसाळलेला कायदा आहे. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा, टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणालाच उठवायचं नाही. दर पाच वर्षांत एकदा तरी सर्वेक्षण. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथारीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले. जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ बाजार भरतोय तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्यांना हलवायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर 1989 मध्येच सोदान सिंग यांच्या खटल्यात म्हटलं होतं की रस्त्यावर व्यापार करणं हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, वाजवी निर्बंधांसह. हे सगळं वाचून वाटलं, मग अडचण काय?

अडचण मला पुढच्या पानावर सापडली. प्रमाणपत्र हवं असेल तर विक्रेत्याने लिहून द्यायचं की माझ्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन नाही. माझ्याकडे आहे. शेती आहे. म्हणजे स्वतः पिकवलेला माल आठवड्यातून एकदा विकायला येणारा माणूस या कायद्याच्या लेखी पथविक्रेता होऊ शकत नाही, आणि ज्याने बाजारातून आणून विकायचं तो होऊ शकतो. पणन खातं म्हणतं मी शेतकरी, वीक. शहर म्हणतं तू शेतकरी, म्हणून प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्र नाही म्हणून नाशवंत मालाची ती त्याच दिवसाची सोयही मला नाही. गंमत अशी की याच कायद्यात प्रमाणपत्राचे प्रकार सांगताना एका जागी बसणारा, फिरता, आणि 'योजनेत ठरवाल तो अन्य प्रकार' अशी तिसरी मोकळी जागा ठेवली आहे. योजना करायची राज्य सरकारने. ती जागा भरायला कुणी अडवलंय? आणि दुसऱ्या साधनाची अट आडवी येत असेल तर ती कशी सोडवायची हे विधी खातं एका बैठकीत सांगू शकेल.

लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे असाही त्यात निकष आहे. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 31 लाखांवर माणसं होती, म्हणजे पाऊण लाखाहून जास्त विक्रेते. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं शहरात आली. (आमच्या वाटेवरची फुरसुंगी आणि उरुळी देवाची आधी आत घेतली, मग बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली, तिथल्या भाजीवाल्याने आपला साहेब कोण ते रोज सकाळी विचारून घ्यावं.) हद्द वाढली, माणसं वाढली. त्या माणसांना भाजी लागते हे मात्र कुठल्या नकाशात दिसत नाही.

मी खुल्या बाजाराचा माणूस आहे म्हणून काही जण म्हणतील, मग रस्त्यावर कुणीही काहीही मांडावं का? नाही. फुटपाथ चालणाऱ्याचा आहे. माझी सासू सत्तरीची आहे, तिला लक्ष्मी रस्त्यावर चालताना जे होतं ते मला माहीत आहे. रस्ते-रचनेचे भारतीय मानक सांगतात की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी वाट हवी. ती सोडा, तिच्यावर माझा क्रेट दिसला तर खुशाल उचला, मी भांडणार नाही.

पण मग त्याच न्यायाने फुटपाथच्या खाली, रस्त्याच्या कडेला काय उभं आहे तेही बघा. मोटार. साधारण पाच मीटर बाय दोन-अडीच मीटर जागा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बहुतेक रस्त्यांवर एक पैसा न देता. पुण्यातली ही सगळ्यात महाग जमीन आपण फुकट वाटतो. 2018 मध्ये पार्किंगला शुल्क लावायचं धोरण महापालिकेत आलं, आरडाओरडा झाला, पाच रस्त्यांपुरता प्रयोग करू असं ठरलं, आणि तेही कागदावर राहिलं. तेवढ्याच जागेत दोन पथारीवाले बसतील, तासाचं भाडं देतील, आणि शंभर घरांची भाजी होईल. ते अतिक्रमण, आणि दिवसभर रिकामी उभी असलेली मोटार म्हणजे नागरिकांची सोय. मोटारवाल्याला हाकला असं मी म्हणत नाही. जागेला भाडं लावा. मोटार देईल तर मोटार उभी राहील, मेथी देईल तर मेथी.

तिसरी तक्रार आमच्याच लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. शेतकरी आठवडे बाजार म्हटलं की पहिला नियम निघतो: फक्त शेतकऱ्यानेच बसायचं, सातबारा दाखवायचा. कानाला छान वाटतं. होतं काय? गुलटेकडीतून पहाटे माल उचलणारा माणूस गावाकडच्या चुलतभावाचा सातबारा खिशात घालून येतो. मग तो खरा शेतकरी का, हे तपासायला एक साहेब लागतो. साहेबाला रोज तपासणं जमत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी समन्वयक. मग समन्वयक ठरवतो कुणाचा टेबल पुढे आणि कुणाचा कोपऱ्यात. असं करत करत ज्या परवान्याच्या जाचातून 2016 मध्ये सुटलो त्याच्याच दारात पुन्हा उभे. मला हे संरक्षण नको. व्यापारी माझ्या शेजारी बसू दे. त्याची कोथिंबीर आदल्या दिवशीची असेल तर पुण्याच्या बाईला ती देठ मोडून कळते, त्याला तलाठी लागत नाही. आणि त्याची माझ्यापेक्षा ताजी आणि स्वस्त निघाली, तर मी काय करतोय याचा मलाच विचार करावा लागेल. शेतकऱ्याच्या नावाने सवलत मागितली की मोजणारा येतो, आणि मोजणाऱ्याचा पगार शेवटी आमच्याच पट्टीतून निघतो. भीक नको, हवे घामाचे दाम, ही घोषणा आम्हीच दिली होती ना?

चौथी तक्रार छोटी. शहरात महापालिकेने बांधलेल्या मंडयांमधले कितीतरी ओटे रिकामे आहेत. एकीकडे मी गेलो होतो तर ओट्यांवर जुने फ्लेक्स आणि कुलूप लावलेली हातगाडी. का रिकामे, तर वाटपाचा विषय प्रलंबित. बांधताना बाजार कुठे चालतो हे कुणी विचारलं नसावं. गिऱ्हाईक जिथून जातं तिथे मंडई लागते, जिथे विकास आराखड्यात आरक्षण असतं तिथे नाही. महात्मा फुले मंडई 1886 मध्ये सुरू झाली त्याच्या आधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा, आणि भरत होता. ज्यांचं नाव आज मंडईला आहे त्या जोतीरावांनीच नगरपालिकेचे सभासद असताना तिच्या खर्चाला विरोध केला होता. मला ती इमारत आवडते, बांधली ते बरंच झालं. पण दगडी मंडई नसली म्हणून बाजार अडत नाही, मोकळं पटांगण पुरतं, एवढं लक्षात ठेवा.

नियम सोपा करता येत नाही असंही नाही. तुम्हीच करून दाखवलाय. 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा घ्या. थोडे कामगार असलेल्या छोट्या दुकानाला आता नोंदणीच्या चकरा नाहीत. मालकाने ऑनलाइन माहिती कळवली की झालं. परवानगी मागायची नाही, कळवायचं. शटर असलेल्या दुकानदारावर सरकार एवढा विश्वास ठेवू शकतं, तर चार क्रेट आणि एक काटा घेऊन येणाऱ्यावर का नाही? दुकानदार दहा लाखांची पागडी देऊन बसतो म्हणून तो भरवशाचा, आणि मी पहाटे चारला उठून घाट उतरतो म्हणून संशयित, असं तर नाही ना?

सोसायट्यांच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. कचरा, आवाज, गर्दी, रविवारी झोपमोड. कचऱ्याची तक्रार खरी आहे. कोबीचा पाला आणि फ्लॉवरची पानं टाकून निघून जाणारे आमच्यातही आहेत. त्यावर उपाय बाजार बंद करणं हा नाही. अनामत घ्या, जागा झाडलेली नसली की अनामत जप्त करा, पुढच्या वेळी जागा देऊ नका. आवाजाचं म्हणाल तर ओरडून विकायची वेळ गिऱ्हाईक कमी असलं की येते. आणि ज्या सोसायट्यांमधून तक्रार गेली त्यांच्याच पिशव्या आमच्याकडे सगळ्यात आधी भरायच्या, हे न लिहिलेलं बरं, पण लिहिलं.

आता मागण्या. पैसे मागत नाही. अनुदान नको, मोफत टेबल नको, उद्घाटनाचा मंडप तर अजिबात नको.

पणन खात्याकडे मागणी: फळभाजीच्या प्रत्येक पट्टीवर कापलेला पैसा कशाचा आणि कुठल्या आदेशाने, हे छापलेलं असावं. 'इतर' आणि 'पहिल्यापासून आहे' या दोन्हींना बंदी. माल मोजून विकला तर तोलाई नाही. शहरात ज्या जागेवर आठवडे बाजार भरवायचा आहे तिथे सातबाऱ्याची आणि समन्वयकाच्या शिफारशीची अट काढा. भाडं देईल तो बसेल.

नगरविकास खात्याकडे: पथविक्रेता कायद्याखालच्या राज्याच्या योजनेत त्या तिसऱ्या, अन्य प्रकारात आठवड्यातून एक-दोन दिवस येणाऱ्या विक्रेत्याची सोय करा. तोवर त्याचा नाशवंत माल उचलला तर तो त्याच दिवशी परत मिळेल, जागेवर यादी करून सही दिली जाईल, एवढं एक परिपत्रक काढा. त्याला कायदा बदलावा लागत नाही.

शहराच्या कारभाऱ्यांकडे मागण्या जास्त आहेत, कारण जमीन तुमच्याकडे आहे. रविवारी आणि सुटीच्या दिवशी रिकामी असलेली पालिकेची आवारं, वाहनतळ, शाळांची मैदानं आणि रिकामे ओटे यांची यादी जाहीर करा: जागा, वेळ, किती टेबलं, भाडं किती. ज्याला बसायचंय त्याने मोबाइलवरून आदल्या दिवशी कळवावं, भाडं आणि अनामत भरावी, आणि यावं. जागेपेक्षा माणसं जास्त झाली तर चिठ्ठ्या टाका किंवा भाडं वाढवा, पण कुणाच्या ओळखीवर ठरवू नका. जे पथारीवाले आधीपासून बसतात त्यांचं कायद्याने दिलेलं संरक्षण तसंच राहू द्या, मला त्यांची जागा नको आहे. पार्किंगच्या धोरणातले निदान ते पाच रस्ते खरंच सुरू करा, आणि रस्त्याकडेची ती पट्टी ठरलेल्या वेळी भाड्याने विक्रेत्यालाही मिळू द्या, 1.8 मीटरची चालायची वाट सोडून. पथविक्रेता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर टाका. आणि एखादी जागा बंद करायची असेल तर लेखी कारण आणि तारीख द्या. वॉचमनच्या तोंडून आदेश पाठवू नका, तो बिचारा आमच्याकडूनच भाजी घेत होता.

यातल्या कुठल्या मागणीला तिजोरीतून खर्च येत असेल तर मला दाखवा. बहुतेकांमधून भाडं येईल. हे भाडं किती असावं यावर मी वाद घालायला तयार आहे. तासाला पन्नास रुपये मला परवडतात, दोनशे परवडणार नाहीत, आणि हा आकडा तुम्ही बसून ठरवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी वेगवेगळा लावून बघा, महिन्याभरात बाजारच सांगेल.

वाटाणा ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्याआधी एका जरी आवाराचा फलक लागला, जागा, वेळ, भाडं, तर आमच्या गावातून पहिल्या रविवारी सहा-सात गाड्या निघतील. यादी मी करून ठेवली आहे. नकार द्यायचा असेल तर तोही द्या, पण सहीनिशी, म्हणजे पुढे कुठे दाद मागायची ते कळेल.

आपला,
पुरंदर तालुक्यातला एक भाजीपाला उत्पादक